माह्या उजव्या पायाचा गुण

९ नोव्हेंबर

आजपासून डायरी. राइस मिलवाल्यानं बाबाले मागच्या साली फुकट देल्ली होती, कोरीच पडून होती. छापल्या तारखा खोडून लिवून राह्यलो. कोणाले दाखवाची नाई. मयुरीले तर बिलकुल नाई.

संकल्प: संक्रांतीपर्यंत आईले बरं कराचं. पूरं बरं. डॉक्टरच्यानं जे झालं नाई ते.

आईले दोन सालापासून दुखते. कुठं दुखते विचारलं तर म्हणते, कुठं नाई दुखत ते विचार. मान, खांदे, कंबर, मांड्या, बोटं. सकाळी उठते तर रातभर कोणं मुसळानं कुटल्यावाणी. रक्त तपासलं, फोटो काढला, मोठ्या मशीनमधी बी टाकलं. सगळं नॉर्मल. बाबा म्हणते, रिपोर्ट नॉर्मल मंजे तू नॉर्मल, चाय ठेव. मंग उन्हाळ्यात गोंदियाच्या डॉक्टर मॅडमनं नाव सांगतलं, फायब्रोमायल्जिया. बाबाले ते नाव बोलता येत नाई, म्हणून ते त्या रोगाले मानतच नाई.

मी शाळा सोडली ते आईसाठीच. दहावीत होतो, हुशार होतो. पण घरी कोणी पायजे का नाई? मयुरी म्हणते, आईचं दुखणं दिवाळीनंतरचं, तू पोळ्यालेच घरी बसलता. सरनं उभं करून धडा वाचाले लावला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मयुरी अकरावीत हाय. तिले तारखा बहुत पाठ राह्यते. लहान बहिणीनं कमी बोलावं.

असो. देवानं मले एक चीज देल्ली हाय. मी पायाळू हाय. लोकाचं जनमताना डोकं आधी येते, माहे पाय आधी आले. अशा माणसानं उसण भरलेल्याच्या कंबरेले उजवा पाय लावला का उसण उतरते, हे आमच्या वार्डात सगळ्याइले मालूम हाय. त्याचे नियम हाय. सकाळी, खाली पोटी, उंबरठ्यावर. पैसा घ्याचा नाई. आन लात लावताना पायाळूनं एक सबद बोलाचा नाई, बोलला का गुण गेला. हे नियम आईनं सांगतले. आखरीचा नियम मले सगळ्यात सोपा जाते.

मी पायाळू हाय हे मले आधी मालूम नोहतं. शाळा सोडल्यावर आईनं सांगतलं. इतके दिवस काहून नाई सांगतलं विचारलं तर म्हणे, पायाळूवर वीज पडते म्हणते लोक, मले भेव वाटे. बरोबर हाय. तवापासून ढग वाजले का मी अंगणात जात नाई. वाळलेले कपडे मयुरी काढते.

११ नोव्हेंबर

रोग का झाला हे आधी शोधाले पायजे. कारण सापडलं का इलाज आपोआप.

आतापर्यंत लोकानं सांगतलेले कारणं: शेजारची रुख्माबाई म्हणते, थंड्या पाण्यात भांडे घासून घासून हाडात हवा शिरली. बाबा म्हणते, कामाचा कंटाळा शिरला. मामा फोनवर म्हणे, कोणाची नजर हाय, लिंबू उतरवा. आई सोता म्हणते, मले काय मालूम बापा, मी तर दाळ शिजवत होती.

दाळ मंजे शाळेची. आई प्रायमरी शाळेत मध्यान्ह भोजन शिजवते, समूहाच्या, मंजे बचत गटाच्या, बायाइसंग.

मोबाइलवर बहुत व्हिडिओ पाह्यले. एक म्हणते टेन्शननं होते. एक म्हणते झोप कमी झाली का होते. एक म्हणते अॅक्सिडेंट, नाई तर बुखार, नाई तर ऑपरेशनच्या बादमधी होते. एक म्हणते घराण्यात असते. एक डॉक्टर तर साफ बोलला का पक्कं कारण कोणालेच मालूम नाई. इतकी मोठी डिग्री आन असं बोलते. मी असतो तर लाजेनं व्हिडिओच नसता टाकला.

दुपारी भात खाता खाता मले कारण सापडलं. असाच बसलो होतो, आन एकदम.

मी उलटा आलो. पायाकडून. त्या वक्ती आईच्या मणक्यातली एखादी नस सरकली असंन. पंधरा साल चूप बसली, मंग वर आली. आता जे पायानं बिघडलं ते पायानंच नीट होईन. सीधी गोष्ट हाय. हे गोंदियाच्या मॅडमले कोणं सांगतलंच नाई, तर तिले कसं समजन?

मयुरीले सांगतलं. ती म्हणे, मंग मी काय विमानानं आली का?

१४ नोव्हेंबर

धान कापणी, चुरणा मंजे मळणी, सगळं जोरात. मंजे माहा सीझन. सकाळी दादाजीले त्याचा पोरगा रवी धरून घेऊन आला. दादाजी मंजे पलीकडच्या गल्लीतले, सत्तरच्या वरचे, तरी पोतं उचलाले जाते. कमान होऊन आले, जमिनीवर काही हरवल्यावाणी.

आई आतून म्हणे, हेमराज, दादाजी आले. मी गेलो. खाली पाह्यलं. दादाजी उंबरठ्यावर पालथे पडले. मी उजवा पाय लावला, तीन खेप. बोललो नाई. दादाजी उठले आन म्हणे, अरे वा रे पोट्ट्या, आराम पडला जी! रुख्माबाई आपल्या दारातून पाहून राह्यली होती. म्हणे, शीलाचं नशीब, पोरगा हिरा हाय. आई हसली. भल्ली हसली.

संध्याकाळी रवी सांगत होता का बाबूजीले दवाखान्यात नेऊन सुई बी मारली. ते बाजूची गोष्ट हाय.

१६ नोव्हेंबर

आज एक गंभीर गोष्ट.

दिवाळीच्या आधी मॅडमनं आईची रातची कॅप्सूल वाढवली. दुखणं थोडं कमी झालं, झोप लागते, हे मी मान्य करतो. पण सकाळी आई भिताड धरून चालते. पाय सुजते, चपलीत जात नाई. तोंड सुकते. काल शाळेत चक्कर आली, दाळीचं गंज, मोठं पातेलं, हातातून सुटलं. पोराइच्या अंगावर दाळ नाई गेली हे नशीब.

मी मोबाइलवर कॅप्सूलचं नाव टाकून साइड इफेक्ट काढले. चक्कर, झोप, सूज, वजन, धुंदलं दिसणं, मन उदास. यादी खाली खाली जातेच. खालचे तर वाचतानाच मले होऊन राह्यले होते.

हे औषध नाई, जहर हाय. संकल्प: उद्या मॅडमले फोन करन आन साफ शब्दात बोलन. कागदावर लिवून ठेवलं काय बोलाचं ते. "नमस्ते मॅडम, मी शीलाबाईचा मुलगा बोलतो." इथपर्यंत पाठ झालं.

१७ नोव्हेंबर

फोन लावला. कोणी बाई हॅलो म्हणे. मी काटला. रेंज नोहती.

पुन्हा लावला. रेंज होती. बाई म्हणे, हॅलो, कोण बोलतं, अहो बोला ना. मी बोलणारच होतो. पण तिचा आवाज चिडका होता, अशा माणसाले आईची तब्येत काय सांगाची? मॅडमनं सोता उचलाले पायजे होता.

तिकडूनच फोन आला मंग. मी मोबाइल उशीखाली ठेवला. वाजून वाजून चूप झाला.

१८ नोव्हेंबर

विचार केला. डॉक्टरले विचाराची गरजच काय? साइड इफेक्ट मले दिसून राह्यले, कारण मले मालूम, इलाज माह्या पायात. मंग?

आईले सांगतलं का मॅडमसंग फोनवर बोललो, मॅडम म्हणे कॅप्सूल बंद करा.

मले वाटलं आई मॅडमबद्दल विचारन. आई म्हणे, तू बोलला? सोता? फोनवर? मी म्हटलं, हौ. म्हणे, काय बोलला? मी म्हटलं, नमस्ते मॅडम, मी शीलाबाईचा मुलगा बोलतो. आईनं पीठाच्या हातानं माह्या गालाले हात लावला. रुख्माबाईले आवाज देऊन सांगतलं, अवो बाई, हेमराज डॉक्टरीणसंग फोनवर बोलला! रुख्माबाई म्हणे, हिंदीत का मराठीत?

कॅप्सूलच्या पट्ट्या तांदळाच्या कोठीत खाली दाबून ठेवल्या. थोडी थोडी कमी कराची असते असं एका व्हिडिओत होतं. पण जहर कोणी थोडं थोडं बंद करते का?

उद्यापासून रोज सकाळी पाय.

२० नोव्हेंबर

आईले झोप नाई. घाम सुटते, थंडीचे दिवस असून. डोकं दुखते, ओकारी येते. चांगली निशाणी हाय. जहर बाहेर निघून राह्यलं.

सकाळी उंबरठ्यावर सतरंजी टाकतो, आई पालथी पडते. म्हणे, हलक्यानं बापा. मी हलक्यानंच लावतो. तरी कण्हते. पाय उचलला का म्हणते, हौ, थोडं बरं वाटलं. पाहा.

२३ नोव्हेंबर

आज मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. पूरा वार्ड गेला. रातच्या दंडारीच्या नाटकासाठी मामा-मामी गावावरून आले. आई उठलीच नाई. उठाचा प्रयत्न केला, खाटेची पाटी धरली, पुन्हा बसली. हाताले चादर लागली तरी दुखते म्हणे.

बाबा भरवेलीच्या खदानीतून ड्युटी करून आले. ठेकेदारानं आज जास्त थांबवलं होतं. पाहुणे घरात आन चूल थंडी. बाबा पाहुण्याइच्या समोरच म्हणे, आमची राणी बीमार हाय, रिपोर्ट नॉर्मल हाय पण राणी बीमार हाय. मामी हसली. आईनं तोंड भिंतीकडं केलं. मामा बी काई बोलला नाई, आन तो तर तिचा सगा भाऊ.

मी ठरवलं का आता बाबाले साफ सांगन. बाबा, रोग खरा हाय, असं. सबद तयार होते. पण मले संडासले लागली. बाहेर आलो तवा बाबा अंडे आणाले गेलते.

भात मयुरीनं लावला. मले म्हणे, तुह्या तोंडाले काय कुलूप लागलं का?

मी वेळ पाहून बोलत असतो. हे तिले समजत नाई.

२६ नोव्हेंबर

समूहाची अध्यक्ष गीताबाई आली होती. गोड बोलली. शीलाबाई, तुमी आराम करा, काही दिवस दुसरी बाई लावतो. आई म्हणे, किती दिवस? गीताबाई म्हणे, पाहू न. मंग चाय पिऊन, जाता जाता दारात: झारा धरता येत नाई त्याले आमी काय कराव, पोराइले वेळेवर जेवाले पायजे न बाई.

आई रडली नाई. हाताकडं पाहत बसली. ते बोटं मिटत नोहते.

संकल्प: उद्या गीताबाईले जाऊन भेटन. सांगन का पंधरा दिवस द्या, इलाज चालू हाय.

२७ नोव्हेंबर

गेलतो. शाळेच्या गेटापर्यंत. लहान पोरं जेवून राह्यले होते. एकानं मले पाह्यलं आन वरडला, हा पायाळू हाय, याले धन दिसते जमिनीतलं! मंग सगळे जमा झाले. मी वापस आलो. पोराइच्या जेवणात व्यत्यय नको.

२९ नोव्हेंबर

मयुरीनं विचारलं, आईची कॅप्सूल कुठं हाय. मी म्हटलं मॅडमनं बंद केली. ती म्हणे कवा? म्हटलं फोनवर. ती म्हणे, दे मोबाइल. किती मिनिट बोलला ते दिसते म्हणे मोबाइलात. मी देल्ला नाई, मोबाइल पर्सनल असते. तिनं माह्याकडं पाह्यलं. आई जशी खराब तांदळाकडं पाह्यते, तसं. मंग चूप बसली.

मयुरी चूप बसली मंजे तिले पटलं.

५ डिसेंबर

आई रातभर झोपली!!

काल बी चांगली झोपली होती, पण मी पक्कं झाल्याबिगर लिवत नाई. ओकारी बंद. घाम बंद. सकाळी सोता चाय ठेवली. बाबा म्हणे, चला, नाटक संपलं. मी मनात म्हटलं, बाबा, हे माह्या पायाचं काम हाय, पण मी चूप राह्यलो. मोठं काम करणारा माणूस बोलत नाई.

मयुरी आजकाल रोज रातच्याले आईले दूध नेऊन देते आन बाजूले बसून राह्यते. दूधानं काय होते? पण तिले वाटू द्या का तिनं बी काही केलं.

९ डिसेंबर

आई अंगणात दोन चकरा मारते. रुख्माबाईच्या घरापर्यंत बी गेली. पाय थोडे सुजलेले दिसले. सकाळी तोंड सुकते म्हणे. हे समजलं नाई. कॅप्सूल तर बंद हाय.

विचार करून उत्तर सापडलं. जे चीज असर करते तिले साइड इफेक्ट असतेच. हा माह्या पायाचा साइड इफेक्ट हाय. पाय थोडा हलका लावा लागन.

१२ डिसेंबर

नाव होऊन राह्यलं. भरवेलीवरून दोन बाया आल्या कंबर घेऊन. रुख्माबाईचा गुडघा झाला. गुडघा आपल्या लाइनमधी येत नाई, तरी लावला.

रवी पेंटर हाय. त्यानं बोर्ड लिवून देतो म्हटलं, बाबूजी बरे झाले म्हणून फुकट. बोर्ड असला का बोलाची गरज पडत नाई, सगळं लिवून राह्यते. मजकूर मी ठरवला: पायाळू हेमराज. उसण, चमक, कंबर, फायब्रोमायल्जिया. सकाळी खाली पोटी. गप्पा मारू नये.

पुढचा प्लान: बुधवारी लालबर्रा, शुक्रवारी किरनापुर. तिकडं बी धानवाले लोक, उसण भरतेच. एका साली मोटरसायकल. पैसे घ्याचे नाई हा नियम हाय, पण मोटरसायकल कोणं भेट देल्ली तर ते पैसे नाई होत.

२० डिसेंबर

आईची गोंदियाची तारीख तेवीसची. मयुरीची परीक्षा, बाबाची ड्युटी. मले जा लागन. बाबा म्हणे, तू जाऊन काय करशीन, तिथं बोला लागते. आई म्हणे, जाईन न तो, फोनवर तर बोललाच हाय मॅडमसंग. मयुरी खोकलली.

जाईन. मॅडमले कारण सांगन. इतके दिवस डॉक्टर लोक अंधारात चाचपून राह्यले, आता उजेड पडन. कदाचित मॅडम म्हणन का हेमराज, तू पुन्हा सांग, मी लिवून घेते. आरशासमोर तयारी केली. हिंदीत बी केली, मॅडम हिंदीत बोलली तर. आरशात मी चांगला बोलतो.

२३ डिसेंबर, संध्याकाळ

पूरं लिवतो.

सकाळच्या गाडीनं गेलो. नंबर लागता लागता दुपार झाली. बाकड्यावर आईच्या बाजूले बसून मी मनात घोकत होतो. आत गेलो तर मॅडम आईले म्हणे, बसा शीलाबाई, कसं आहे? अशी, जशी ओळखीची बाई.

आई म्हणे, बरं हाय, पन्नास टक्के.

मॅडमनं विचारलं, कॅप्सूल नियमित घेतली ना? माहे कान गरम झाले. आई म्हणे, मधात काही दिवस सुटली मॅडम. माहीच चूक. मंग पुन्हा चालू केली.

पुन्हा चालू केली.

मी आईकडं पाह्यलं. आई टेबलावरच्या कॅलेंडरकडं पाहून राह्यली होती.

मॅडम रागावली, पण आवाज नाई चढवला. म्हणे, ही एकदम बंद करायची नाही, कधीच नाही. झोप उडते, घाम, मळमळ, दुखणं उलटून येतं. झालं असेल ना तसं? आई म्हणे, हौ. मंग आईनं पायाची सूज सांगतली, चक्कर सांगतली, दाळ सांडल्याचं सांगतलं. मॅडमनं बोट दाबून सूज पाह्यली. म्हणे, हे त्या औषधानं होतं, तुमचा भ्रम नाही. असं झालं की मला सांगायचं, मी डोस कमी करते, वेळ बदलते. त्यासाठीच फोन नंबर दिलाय. एकदा तुमच्या नंबरवरून फोन येऊन कटत होता म्हणे, आम्ही परत लावला तर कोणी उचलला नाही.

आई म्हणे, रेंज नसते आमच्याकडं.

मॅडमनं डोस कमी केला. रोज थोडं चालाचं सांगतलं. म्हणे, याचं एकच कारण कोणाला दाखवता येत नाही शीलाबाई. झोप, ताण, जुना आजार, घराण्यातलं, असं मिळून असतं. नसा दुखण्याचा आवाज मोठा करून सांगतात. पण दुखणं खोटं नाही. तुमच्या मिस्टरांना पुढच्या वेळी घेऊन या, मी सांगते त्यांना.

आईच्या डोळ्यात पाणी आलं. मले वाटलं आता. आताच बोलाचं, माहीच पाळी हाय.

मी उभा राह्यलो. बोललो. खरंच बोललो, पूरं वाक्य बोललो. मॅडम, कारण मले मालूम हाय. मी पायाळू हाय. मी उलटा आलो, पायाकडून, तवा आईच्या मणक्यातली नस सरकली. म्हणून हे झालं. ते तुमाले कोणं सांगतलं नाई.

कंपाउंडर बी थांबला हातातला कागद घेऊन.

मॅडम हसली नाई. लिवता लिवता थांबली आन आईले विचारलं, डिलिव्हरीला त्रास झाला होता का? मूल आडवं होतं? टाके, सुई मणक्यात? हे विचारायलाच हवं होतं मी.

मॅडम पुन्हा म्हणे, शीलाबाई?

आई म्हणे, नाई मॅडम. काई तरास नाई झाला. डोक्याकडून आला हा. सीधा आला.

मॅडमनं ते लिवून घेतलं.

२४ डिसेंबर

लिवाले काई नाई.

२५ डिसेंबर

गाडीत काय झालं ते परवा लिवलं नाई.

आई खिडकीजवळ बसली होती. गोंदिया स्टेशनावर संत्रे घेतलते. एक सोलून माह्या हातात देल्ला. मी खाल्ला नाई. मंग तिनंच सांगतलं, बाहेर पाहत.

तू शाळा सोडली आन खोलीत बसला. कोणाच्या घरी जाय नोहता, कोणी आलं तर मागच्या दारानं निघून जाय. लोक विचारे, पोरगा काय करते? मी काय सांगू? एक दिवस रुख्माबाईले उसण भरली. माह्या तोंडातून निंघालं, माहा हेमराज पायाळू हाय. तू दवाखान्यात झाला, इथं कोणाले मालूम? मंग लोक येत गेले. कोणी पोट्ट्या म्हणे, कोणी बेटा म्हणे. तू सकाळी उठाले लागला.

मी विचारलं, मंग माहा पाय लावून काहून घेतला रोज? दुखत होतं तर?

म्हणे, तू नाहून, कंगवा करून येत होता न.

फोनचं मी विचारलं नाई. तिनंच सांगतलं. मयुरीनं सांगतलं मले का तू बोललाच नोहता. कोठीतल्या पट्ट्या तिनं शोधल्या. पण मधात जे दहा-अकरा दिवस होते न बापा, मले खरंच वाटलं का तू बोलला. ओकारी येत होती तरी मले चांगलं वाटत होतं.

संत्रा पुन्हा माह्या हातात देल्ला. खाल्ला. आंबट होता.

आज कोठीत हात घालून पाह्यलं. पट्ट्या होत्या. सगळ्या फुटलेल्या, रिकाम्या. एकीवर मयुरीनं पेननं लिवलं होतं: गाढव.

२८ डिसेंबर

बाबाले मॅडमचं सांगतलं आईनं का पुढच्या खेपेले तुमाले बोलावलं. बाबा म्हणे, मले काय रोग हाय का? पण तारीख विचारून ठेवली.

२ जानेवारी

नवीन साल. संकल्प नाई केला.

रवीनं बोर्ड आणून देल्ला. हिरव्यावर पिवळे अक्षर, चांगलं लिवलं. मी म्हटलं, नंतर लावतो. खिळा नाई. भिंतीकडं तोंड करून ठेवला, कपड्याच्या पेटीमागं.

विचार करून राह्यलो का वार्डात सगळ्याइले सांगून टाकाव. उंबरठ्यावर उभं राहून. मी पायाळू नाई हो, डोक्याकडून आलो, सीधा. तीनच वाक्यं हाय.

६ जानेवारी

नाई सांगतलं. थंडी बहुत हाय, लोक बाहेर निघत नाई.

१४ जानेवारी

आज संक्रांत. डायरीत आधी जे लिवलं होतं ते वाचलं. पूरं बरं, असं लिवलं होतं.

आईचा हिशेब: दुखणं हाय. आधीपेक्षा कमी. डोस कमी झाल्यावर सूज उतरली, चक्कर नाई. काही दिवस चांगले जाते, काही दिवस केस विंचरता येत नाई. गीताबाईनं वापस घेतलं, पण बसून भाजी चिरण्यापुरतं, पगार अर्धा. बोलणी मयुरीनं केली. मी नोहतो, मंजे होतो, गेटाबाहेर.

सकाळी आई तिळाचे लाडू वळत होती. एक वळला का बोटं उघडझाप करे, मंग दुसरा. मी बाजूले बसून गोल करत होतो.

बाहेर रवीचा आवाज आला. दादाजी कमान होऊन उभे, पुन्हा पोतं उचललं असंन. म्हातारा ऐकत नाई.

आई तिथूनच म्हणे, हेमराज, दादाजी आले.

आन माह्याकडं पाह्यलं. आता मी पायजे ते करू शकत होतो. तीन वाक्यं.

मी उठलो. उंबरठ्यावर गेलो. दादाजी पालथे झाले न म्हणे, ये बापा, तुहाच भरोसा हाय, ते सुई लय महाग पडते. रुख्माबाई आपल्या दारात येऊन उभी राह्यली. मी तोंड उघडलं.

दादाजी खालूनच म्हणे, ऊंहू, बोलू नको, गुण जाते.

तीन खेप लावला. उजवाच.

दादाजी उठले आन म्हणे, भल्ला आराम पडला जी.

आत आईच्या हाताचा आवाज येत होता. लाडू वळते न थांबते, वळते न थांबते. त्या नियमाचं मी आजपर्यंत कधी विचारलंच नाई तिले, का न बोलण्याचा नियम कोणासाठी बनवला म्हणून. आता विचाराची गरज नाई.